१४२८५७ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. या एका नंबरवर मला इतके प्रश्न आलेत की सगळ्यांची उत्तरं एकाच जागी लिहून ठेवतोय. वाचताना शेजारी कागद-पेन ठेवा, कारण इथलं जवळपास सगळं तुम्ही स्वतः करून बघू शकता, आणि करून बघण्यातच खरी मजा आहे.

एवढं काय आहे या नंबरात?

आधी नुसता गुणाकार बघा.

१४२८५७ × १ = १४२८५७
१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

तेच सहा अंक, आणि क्रमसुद्धा तोच. फक्त सुरुवात वेगळ्या अंकापासून होते, जसं गोल रिंगणात उभ्या असलेल्या सहा जणांना तुम्ही वेगवेगळ्या माणसापासून मोजायला लागलात तर होईल तसं. अशा नंबरला चक्रीय संख्या म्हणतात. यात ३, ६ आणि ९ हे अंक कुठेच नाहीत आणि ० पण नाही, ही गोष्ट बऱ्याच जणांच्या नंतर लक्षात येते.

पण असं होतं का? जादू आहे का काही?

जादू नाही, भागाकार आहे. १ ला ७ ने भागलं की ०.१४२८५७१४२८५७... असं येतं, म्हणजे हा नंबर १/७ च्या आवर्ती दशांशातला एक पूर्ण फेरा आहे.

हे मी माझ्या भाचीला कालनिर्णयच्या जुन्या पानामागे लिहून दाखवलं होतं, तसंच इथे लिहितो. १ ला सात जात नाही, शून्य घ्या, १० झाले, सात एके सात, बाकी ३. शून्य घेतलं, ३० झाले, सात चोक अठ्ठावीस, बाकी २. मग २०, सात दुणे चौदा, बाकी ६. मग ६०, सात अठ्ठे छप्पन, बाकी ४. मग ४०, सात पंचे पस्तीस, बाकी ५. मग ५०, सात सत्ते एकोणपन्नास, बाकी १. आणि बाकी १ आली म्हणजे आपण जिथून निघालो तिथेच परत आलो, आता पुढे सगळं तसंच चालणार.

आता भागाकार कोणत्या आकड्यापासून सुरू झाला ते धरून बाक्या ओळीने लिहा: १, ३, २, ६, ४, ५. सातने भागल्यावर शून्य सोडून एवढ्या सहाच बाक्या शक्य आहेत आणि इथे त्या सगळ्याच्या सगळ्या एकेकदा येऊन गेल्या. म्हणून ३/७ काढायला वेगळा भागाकार करायची गरजच नाही, वरच्या साखळीत ३ जिथे आला तिथून वाचायला लागा: ४, २, ८, ५, ७, १. झालं, ०.४२८५७१. भाची पान उलटं-सुलटं करून बराच वेळ बघत होती आणि मग म्हणाली, "म्हणजे सगळे जण एकाच रांगेत उभे आहेत." याच्यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

सातने गुणलं तर? आणि त्याच्या पुढे?

सातने गुणलं की थेट ९९९९९९. साहजिक आहे, कारण ७/७ म्हणजे ०.९९९९९९... म्हणजेच १.

पुढे गेल्यावर नंबर सात अंकी होतो पण गंमत संपत नाही, उजवीकडचे सहा अंक वेगळे काढायचे आणि डावीकडे जे उरलं ते त्यात मिळवायचं. १४२८५७ × ८ = ११४२८५६, त्यातले १४२८५६ आणि १ मिळवले की परत १४२८५७. कितीही मोठ्या नंबराने गुणा, गुणणाऱ्याला सातने भागून जी बाकी येते त्याच्याच ओळीवर तुम्ही पोचता. फक्त गुणाकार खूपच मोठा झाला तर तोडून मिळवायचं काम एकापेक्षा जास्त वेळा करावं लागतं. सातच्या पटीने गुणलं की ९९९९९९ येतं, उदाहरणार्थ ४९ ने गुणून ६९९९९९३, म्हणजे ९९९९९३ अधिक ६.

आपलं जन्मवर्ष घालून बघा, सगळ्यांना आवडतं. मी १९०५ घालतो, का ते पुढे कळेल. १४२८५७ × १९०५ = २७२१४२५८५. तोडा: २७२ आणि १४२५८५. बेरीज १४२८५७. तोच नंबर.

मूळ संख्या आहे का ही?

नाही, संयुक्त आहे. ९९९९९९ चे मूळ अवयव ३ × ३ × ३ × ७ × ११ × १३ × ३७, त्यातला ७ काढला की आपला नंबर: २७ × ११ × १३ × ३७. म्हणजे आपल्या नंबरात सगळे आहेत, फक्त सातच नाही, आणि तरी तो सातच्या पोटातून आलाय.

बाकीचं वर्गीकरण पटकन सांगून टाकतो. विषम आहे. एकूण ३२ विभाजक आहेत. स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज ११२५०३, म्हणजे नंबरापेक्षा कमी, म्हणून ही न्यून संख्या, परिपूर्ण नाही. वर्गसंख्या नाही, पण ३७८ च्या वर्गापेक्षा फक्त २७ ने कमी आहे. दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही कारण अवयवांमध्ये ११ एकदाच आलाय, आणि चारने भागून ३ उरणारा मूळ अवयव सम वेळा यावा लागतो, ३ सुद्धा तीनदा आल्यामुळे तिथेही अडतं. स्मिथ संख्या नाही, त्यासाठी अंकांची बेरीज आणि मूळ अवयवांच्या अंकांची बेरीज सारखी लागते, इथे २७ आणि २५ येते, थोडक्यात हुकली.

मधून तोडून बेरीज केली की नऊ नऊ येतात म्हणे?

हो. १४२ + ८५७ = ९९९. दोन-दोन अंक घ्या, १४ + २८ + ५७ = ९९. समोरासमोरचे अंक घ्या, १ आणि ८, ४ आणि ५, २ आणि ७, प्रत्येक जोडी ९.

आपण स्वल्पविराम १,४२,८५७ असा देतो त्यामुळे हे आपल्या डोळ्यात लगेच भरत नाही, तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम देणाऱ्यांना १४२ आणि ८५७ समोरच दिसतात. अर्ध्यातून तोडण्याच्या या नियमाला मिडीचं प्रमेय म्हणतात, मिडी नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८३६ साली मांडलं. कारण वरच्या बाक्यांमध्येच आहे: १, ३, २ आणि त्यांच्या बरोबर समोर ६, ४, ५. प्रत्येक जोडीची बेरीज सात. आणि दोन अपूर्णांक मिळून ७/७ झाले की दशांशात नऊच नऊ येणार.

ही कापरेकर संख्या आहे असं वाचलं, म्हणजे काय?

या प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण या नंबरबद्दल मला मनापासून काही सांगायचं असेल तर ते हेच.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ डहाणूचा, शिक्षण फर्ग्युसन कॉलेजात, १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालेलं, आणि १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. पदवीच्या पुढचं शिक्षण नाही, विद्यापीठात नोकरी नाही, नुसती संख्यांची ओढ. बरीच वर्षं मोठ्या लोकांनी त्यांच्या कामाकडे लक्ष दिलं नाही, १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात लिहिलं तेव्हा जगभर नाव झालं. १९८६ साली ते गेले.

त्यांनी संख्यांचे जे प्रकार शोधले त्यातला एक असा: नंबरचा वर्ग करा, वर्गाचे दोन तुकडे करा, तुकड्यांची बेरीज मूळ नंबर आली तर ती कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ + २०९ = ७०३.

आता आपला नंबर. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. उजवीकडून सहा अंक मोजून तोडा: २०४०८ आणि १२२४४९. बेरीज करा. १४२८५७. सहा अंकी कापरेकर संख्यांमध्ये ही सगळ्यात लहान, हिच्या आधीची ९९९९९ आहे.

सिद्धता पण छोटी आहे. १४२८५७ मधून १ वजा केला की १४२८५६, म्हणजे ७ × २०४०८. मग १४२८५७ × १४२८५६ म्हणजे १४२८५७ × ७ × २०४०८, म्हणजे ९९९९९९ × २०४०८. यात एक १४२८५७ मिळवला की वर्ग तयार होतो. ९९९९९९ म्हणजे दहा लाख वजा एक, त्यामुळे वर्ग झाला २०४०८ दहा लाख, अधिक १४२८५७ वजा २०४०८. डावा तुकडा २०४०८, उजवा तुकडा १४२८५७ मधून तेवढेच कमी, बेरीज आपोआप जुळते.

हर्षद संख्या पण आहे का?

आहे. हा शब्दही कापरेकर सरांचाच, हर्ष देणारी ती हर्षद. अंकांच्या बेरजेने नंबरला पूर्ण भाग गेला पाहिजे. इथे १ + ४ + २ + ८ + ५ + ७ = २७, आणि १४२८५७ ÷ २७ = ५२९१, बाकी शून्य. आणि रिंगणातले बाकी पाचही, २८५७१४ पासून ८५७१४२ पर्यंत, हर्षद आहेत, कारण अंक तेच म्हणून बेरीज २७ च आणि सगळे १४२८५७ च्या पटीत.

काही जण हॅपी नंबर आणि हर्षद यांत गोंधळ करतात. हॅपी नंबरमध्ये अंकांच्या वर्गांची बेरीज परत परत करत १ वर पोचायला लागतं. आपला नंबर १५९, १०७, ५०, २५, २९, ८५, ८९ असा जातो आणि ८९ ला पोचला की तो कधीच न संपणाऱ्या चक्रात अडकतो. म्हणजे हर्षद आहे पण हॅपी नाही.

आणि स्वयंभू?

हा प्रश्न मला फार क्वचित कोणी विचारतं आणि उत्तर सगळ्यात सुंदर आहे.

कुठलाही नंबर घ्या, त्यात त्याच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवा नंबर जन्मतो. १५ मध्ये १ + ५ मिळवले की २१, म्हणजे २१ चा जनक १५. पण काही नंबरांना जनकच नसतो, उदाहरणार्थ २० ला नाही, ३१ ला नाही. अशांना कापरेकर सरांनी स्वयंभू म्हटलं. जगात त्यांना देवळाली संख्या असंही नाव आहे, देवळालीचं नाव गणितात गेलंय ते असं.

आता १४२८५७ ला जनक आहे का बघू. सहा अंकांची बेरीज ५४ च्या वर जात नाही, म्हणून जनक असलाच तर तो १४२८०३ ते १४२८५६ मध्ये कुठेतरी. म्हणजे त्याची सुरुवात १४२८ नेच, आणि या चार अंकांचीच बेरीज १५, शेवटचे दोन अंक धरून जास्तीत जास्त २८. दुसरी गोष्ट, कोणताही नंबर आणि त्याच्या अंकांची बेरीज यांना नऊने भागलं की बाकी सारखीच येते, आणि १४२८५७ ला नऊने पूर्ण भाग जातो, म्हणून जनकालाही नऊने पूर्ण भाग जायलाच हवा. तर अंकांची बेरीज १५ ते २८ मधली आणि नऊच्या पाढ्यातली: १८ किंवा २७, बस.

१८ हवी असेल तर जनक १४२८३९. त्याच्या अंकांची बेरीज येते २७.
२७ हवी असेल तर जनक १४२८३०. त्याच्या अंकांची बेरीज येते १८.

दोनच उमेदवार होते, आणि एकाला जे पाहिजे ते दुसऱ्याकडे आहे. जनक नाही. १४२८५७ स्वयंभू आहे.

म्हणजे कापरेकर, हर्षद आणि स्वयंभू, सरांच्या तिन्ही घरांमध्ये हा एक नंबर बसतो. इंटरनेटवर याच्याबद्दल ढीगभर लिहिलेलं सापडतं, पण या तिन्ही गोष्टी एकत्र सांगून त्यांचा धागा देवळालीच्या एका मास्तरांपर्यंत जातो हे मराठीत तरी कोणीतरी ठळकपणे सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं. वर १९०५ का घातलं ते आता कळलं असेल.

६१७४ वाली प्रोसेस याच्यावर केली तर?

६१७४ सरांनी १९४९ साली मांडला. चार अंकी नंबर घ्या, चारही अंक सारखे नकोत, मग अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढता क्रम वजा करा, असं करत गेलं की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो. सहा अंकांना असा एकच मुक्काम नाही. दोन स्थिर नंबर आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४, आणि शिवाय एक सात नंबरांचं चक्र आहे.

आपला नंबर घेऊ. ८७५४२१ − १२४५७८ = ७५०८४३. तिथून ८४०८५२, मग ८६०८३२, मग ८६२६३२, मग ६४२६५४, मग ४२०८७६, मग ८५१७४२. थांबा, या शेवटच्याचे अंक बघा: ८, ५, १, ७, ४, २. आपलेच सहा अंक, सातव्या पायरीला परत आले, आणि इथून पुढे तेच चक्र चालू. १/७ च्या नंबराने सातव्या पायरीला घरी यावं, याला माझ्याकडे काही खोल कारण नाही, योगायोगच आहे, पण पहिल्यांदा वहीत हे उतरवलं तेव्हा मी परत पहिल्यापासून ताळा केला होता.

असे चक्रीय नंबर अजून आहेत का?

आहेत, पण सुरुवातीला शून्य ठेवावं लागतं. पुढचा १/१७ चा: ०५८८२३५२९४११७६४७, सोळा अंकी. मग १९, २३, २९, ४७, ५९, ६१, ९७ यांचे. १३ चालत नाही, १/१३ चा फेरा ०७६९२३ सहा अंकांतच संपतो आणि २/१३ चा १५३८४६ वेगळाच पडतो, रिंगण एक न होता दोन होतात.

शून्याशिवायचा १४२८५७ हा एकटाच. कारण सोपं आहे: छेद दहापेक्षा मोठा असला की १/छेद हा ०.१ पेक्षा लहान, म्हणजे पहिला अंक शून्य आलाच. दहाच्या आतले मूळ छेद २, ३, ५, ७, त्यात पूर्ण फेरा घेणारा फक्त ७.

असे मूळ छेद अनंत आहेत का, हे आजही सिद्ध झालेलं नाही. एमिल आर्टिन यांनी १९२७ मध्ये अंदाज मांडला की आहेत, आणि सगळ्या मूळ संख्यांपैकी साधारण ३७.४ टक्के अशा असाव्यात. १९६७ मध्ये हूली यांनी ते दाखवलं, पण रीमन गृहीतकाचं व्यापक रूप खरं मानून, आणि ते गृहीतकच अजून सुटायचंय. शाळेतल्या भागाकारातून निघालेला साधा प्रश्न असा शंभर वर्षं उघडा राहतो.

२२/७ आणि पाय यांच्याशी काही नातं?

२२/७ म्हणजे ३ पूर्णांक १/७, म्हणून ३.१४२८५७... पाय मात्र ३.१४१५९... आहे, दोन दशांश स्थळांपर्यंत जुळतो आणि मग वाटा वेगळ्या. २२/७ हा पायपेक्षा मोठा असतो हे आर्किमिडीजने दाखवलं होतं, आणि आपल्याकडे आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये दिलेलं ३.१४१६ हे २२/७ पेक्षा पायच्या खूप जवळचं आहे. तर नातं २२/७ शी आहे, पायशी नाही. पायचे अंक कधीच आवर्ती होत नाहीत.

कॉम्प्युटरच्या बायनरीत पण हे सगळं चालतं का?

नाही. बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, हा नंबर १०००१०१११०००००१००१ असा दिसतो, अठरा अंक, त्यात सात वेळा १. पण चक्र वगैरे काही नाही, कारण ते सगळं दहा-दहाच्या गटांत मोजण्याच्या पद्धतीवर उभं आहे. बायनरीत १/७ म्हणजे ०.००१००१००१..., तीनच अंकांचा फेरा. अवयव, विभाजक हे मोजायच्या कुठल्याही पद्धतीत तेच राहतात. कापरेकर, हर्षद, स्वयंभू, चक्रीय हे मात्र लिहिण्याच्या पद्धतीचे गुण आहेत. काही गणितज्ञ म्हणून याला हलकं समजतात. मला ते पटत नाही, आपण दहाच बोटांवर मोजतो आणि त्या मोजण्यात काय काय दडलंय हे शोधणं हेही गणितच आहे.

लंबवर्तुळाचं काय ते?

अंकांच्या लागोपाठच्या जोड्या करा: (१,४), (४,२), (२,८), (८,५), (५,७), (७,१). हे सहा बिंदू आलेखावर मांडले तर सगळे एकाच लंबवर्तुळावर येतात. पाच बिंदूंतून असा वक्र ठरतो, सहावा त्याच्यावर येईलच असं नसतं, इथे येतो. जिओजेब्रा या आलेख काढायच्या ॲपमध्ये टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

हा नंबर इजिप्तच्या पिरॅमिडमध्ये सापडला असा फॉरवर्ड आलाय, खरा का?

विश्वास ठेवू नका. प्राचीन इजिप्तमधले लोक अपूर्णांक १/२, १/४, १/२८ अशा, अंश १ असलेल्या तुकड्यांत लिहायचे, दशांश अपूर्णांक त्यांच्याकडे नव्हतेच, आणि हा नंबर तर १/७ दशांशात लिहिल्यावरच दिसतो. विसाव्या शतकात गुर्जिएफ यांच्या पंथाने नऊ टोकांच्या आकृतीत १-४-२-८-५-७ हा क्रम वापरला, तिथूनही बऱ्याच गूढ गोष्टी पसरल्या. भविष्य, लॉटरी, ग्रहमान यांच्याशी या नंबरचा काही संबंध नाही. कोणी पैसे मागत असेल तर अजिबात देऊ नका.

स्पर्धा परीक्षेत यावर काय विचारतात?

बहुतेक वेळा हेच: १/७ च्या दशांश रूपात अमुकावा अंक कोणता. फेरा सहाचा आहे, म्हणून स्थान सहाने भागा आणि बाकी बघा. बाकी १ तर १, बाकी २ तर ४, बाकी ३ तर २, बाकी ४ तर ८, बाकी ५ तर ५, बाकी शून्य तर ७. समजा हजारावा विचारला, १००० ला सहाने भागून बाकी ४, उत्तर ८. शंभरावा विचारला तरी बाकी ४, उत्तर ८. दहावा, लाखावा, कोटीवा, काहीही विचारू देत, दहाच्या कोणत्याही घाताला सहाने भागलं की बाकी ४ च येते, म्हणून दर वेळी ८.